त्या रक्ततपासण्या कशासाठी होत्या?

पत्र: डॉक्टर, मी वीस वर्षांची आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. विषय मानसशास्त्र आणि साहित्य. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत विज्ञान घेतलं नाही. भौतिकशास्त्रात नापास झाले होते, सगळे म्हणाले सोड, मी सोडलं. चार वर्षांपूर्वी माझ्या दादाला आवाज ऐकू यायला लागले. आम्ही सगळे त्याला ‘असं काही नसतं रे’ म्हणून समजावत होतो. ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे त्याला नेलं, त्यांनी विचारलं, ‘आवाज कोणत्या कानात येतो?’ कित्येक महिन्यांत दादा पहिल्यांदा नीट बोलला. नंतर त्यांनी रक्ताच्या कितीतरी तपासण्या लिहून दिल्या. त्या कशासाठी, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. दादा आता बरा आहे, नोकरी करतो. मला त्या डॉक्टरांसारखं व्हायचंय. घरचे म्हणतात, ते दार केव्हाच बंद झालं. कॉलेजात सांगतात, मानसशास्त्रात एमए कर, पुढे तेच होतं. यातलं खरं काय? विज्ञान नसताना मनोविकारतज्ज्ञ होता येतं का?

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ‘कोणत्या कानात’ या प्रश्नाशी थांबले, दुसऱ्यांदा रक्ताच्या तपासण्यांशी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. पूर्ण वैद्यकीय पदवी, मग मनोविकारशास्त्राचं वेगळं प्रशिक्षण. त्यामुळे विज्ञान कधीच न शिकता मनोविकारतज्ज्ञ होता येत नाही, जगात कुठेही नाही. पण शाळेत विज्ञान घेतलं नाही म्हणून पुढे कधीच डॉक्टर होता येत नाही, हे मात्र खोटं आहे. विज्ञान नंतर शिकता येतं. किती वळसा पडेल ते देशावर अवलंबून आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

कॉलेजातला सल्ला तर चक्क चुकीचा आहे आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी मुलांची वर्षं जातात. मानसशास्त्रात एमए केलं, पीएचडी केली, तरी त्याचा मनोविकारतज्ज्ञ होत नाही. हे एकाच जिन्याच्या वरखालच्या पायऱ्या नाहीत, दोन वेगळे जिने आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतात, निदानात मदत करतात, मानसोपचार देतात. औषधं लिहिणं, शारीरिक आजार शोधणं, विजेचे उपचार देणं हे डॉक्टरचं काम. (अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको, लुइझियाना अशा काही राज्यांत जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना औषधं लिहिता येतात. पण तो अपवाद आहे, आणि त्यांनाही त्यासाठी शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकावंच लागतं.)

आता त्या तपासण्यांकडे येते. तुझ्या दादाची फाइल मी पाहिलेली नाही, पण पहिल्यांदाच आवाज ऐकू येऊ लागलेल्या तरुण मुलाला कुठल्या तपासण्या लिहून देतात ते मला पाठ आहे.

त्यात थायरॉइड असणार. थायरॉइड कमी पडलं की माणूस इतका मंद आणि उदास होतो की नैराश्यच वाटावं. वाढलं की झोप उडते, हात थरथरतात, माणूस सैरभैर होतो. बी-१२ असणार, कारण त्याच्या कमतरतेनं स्मृती जाऊ शकते आणि भासही होऊ शकतात. यकृत आणि मूत्रपिंड, कारण औषध शरीरात फिरून बाहेर पडणार ते याच वाटेनं. साखर आणि चरबी, कारण आवाज थांबवणारी बरीचशी औषधं वजन आणि साखर वाढवतात. सुरू करण्याआधीचा आकडा हातात नसेल तर वाढ मोजणार कशी? आणि बहुधा सिफिलिस या लैंगिक संसर्गाची तपासणी. ती पाहून घरचे दचकतात, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मनोरुग्णालयांत असे कितीतरी रुग्ण होते ज्यांना आधी मोठेपणाचे भ्रम होत, मग पक्षाघात होई आणि मग मृत्यू. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजार रुग्णालयांतून जवळजवळ दिसेनासा झाला. ज्याला वेड म्हणत होते, तो मेंदूतला जंतुसंसर्ग होता.

हे जुनं झालं म्हणशील, तर अलीकडचं सांगते. २००७ मध्ये डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आजाराचं वर्णन केलं. मेंदूतल्या पेशींवर संदेश स्वीकारणाऱ्या जागा असतात, त्यांतल्या एनएमडीए नावाच्या जागांविरुद्धच शरीर प्रतिपिंडं तयार करतं. रुग्णांत तरुण मुली जास्त. आठवड्या-दोन आठवड्यांत चांगली हसती-बोलती मुलगी संशय घ्यायला लागते, तिला आवाज ऐकू येतात, झोप जाते, मग झटके येतात. त्यांतल्या काहींमध्ये मूळ सापडतं अंडाशयातल्या एका गाठीत. गाठ काढली, प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार दिले की बहुतेक जणी सावरतात. आता विचार कर, अशी मुलगी समोर बसली आहे आणि तिच्याशी बोलणाऱ्याला मन सोडून दुसरं काही दिसतच नाही. तो कितीही प्रेमळ असो, तिचे दिवस वाया जाणार.

थोडक्यात, तुझ्या दादाशी ते डॉक्टर ज्या आस्थेनं बोलले, त्याच आस्थेनं त्यांनी तो तपासण्यांचा कागद लिहिला होता.

कार्ल यास्पर्स हे नाव तू साहित्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऐकलं असशील. तत्त्वज्ञ म्हणून गाजण्याआधी ते हायडेलबर्गच्या मनोविकार रुग्णालयात डॉक्टर होते, आणि वैद्यकाकडे येण्याआधी कायदा शिकत होते. काही सत्रं करून त्यांनी तो सोडला. १९१३ मध्ये त्यांनी मनोविकारशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला एक भेद आजही आम्हाला शिकवला जातो: माणूस समजून घेणं वेगळं आणि आजाराचं कारण सांगणं वेगळं. एखादी आई मूल गेल्यावर महिनोन्महिने बोलत नाही, हे आपण आतून समजू शकतो. पण थायरॉइड बिघडल्यानं कुणी बोलेनासं झालं, तर तिथे समजून घेऊन काही होत नाही, कारण शोधावं लागतं. ‘कोणत्या कानात’ हा समजून घेण्याचा प्रश्न, आणि रक्ताच्या तपासण्या म्हणजे कारणाचा शोध. मनोविकारतज्ज्ञाला रोज, एकाच माणसासमोर, दोन्ही करायचं असतं. पहिल्या कामाची तयारी तुझ्या साहित्यानं आणि मानसशास्त्रानं सुरू केली आहे. दुसऱ्याची अजून सुरूच झालेली नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते डोळ्यांसमोर येईल.

एक गृहस्थ, पन्नाशीचे, कित्येक वर्षं माझ्याकडे येणारे. त्यांना बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहात, कधी खोल नैराश्यात; आणि लिथियम या औषधावर तब्येत उत्तम. एकदा बायको आणि मुलगा त्यांना धरूनच घेऊन आले. चालताना तोल जात होता, बोलणं जड झालं होतं, पाण्याचा पेला हातात दिला तर अर्धं पाणी शर्टावर. मुलगा म्हणाला, “आजार उलटलाय डॉक्टर, गोळी वाढवून द्या.” मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला. ती थरथर मनाच्या आजाराची नव्हती. विचारलं, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” तिघंही म्हणाले, कुठल्याच नाहीत. मग बायकोला आठवलं, तिनं पर्समधून एक स्ट्रिप काढली. आठ दिवसांपासून गुडघा दुखत होता म्हणून दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी. त्यातच दोन दिवस जुलाब झाले होते.

लिथियमचं रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल ठेवायचं असतं. दीडच्या वर गेलं की विषबाधा दिसू लागते. म्हणजे औषध आणि विष यांच्यात एवढंसंच अंतर. आणि हे अंतर मूत्रपिंड राखतं. गंमत अशी की लिथियम आणि सोडियम आवर्तसारणीत एकाच रकान्यात, एकाखाली एक आहेत, आणि मूत्रपिंड लिथियमला बरंचसं सोडियमसारखंच वागवतं. जुलाबात मीठ गेलं की शरीर सोडियम धरून ठेवायला बघतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून बसतं. त्यात अशा वेदनाशामकानं लिथियम बाहेर पडणं आणखी कमी होतं. त्यांचं प्रमाण दोनच्या वर निघालं. तेव्हा मुलाचं ऐकून मी गोळी वाढवली असती, तर? दोन्ही गोळ्या बंद केल्या, दाखल करून सलाइन लावलं, पुन्हापुन्हा रक्त तपासलं. चौथ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घरी गेले.

आवर्तसारणी मी सोळाव्या वर्षी घोकली होती, कुणीतरी घोकायला लावली म्हणून. ती एक दिवस एका माणसाच्या थरथरत्या हातात दिसेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ती वेगळ्या मनानं वाचली असती. तुला आज सांगते आहे.

आता एक गोष्ट, जी तू लिहिली आहेस पण कदाचित तुझ्याच लक्षात आलेली नाही. तू वीस वर्षांची आहेस. दादा आजारी पडला चार वर्षांपूर्वी. म्हणजे तू सोळाची होतीस, आणि भौतिकशास्त्रात नापास होऊन विज्ञान सोडलंस तेही त्याच सुमारास. पत्रात या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत आहेत, जणू त्यांचा एकमेकींशी संबंधच नाही. घरात रात्र-रात्र कुणी झोपत नव्हतं तेव्हा तुझ्याकडून किती अभ्यास झाला असेल? भौतिकशास्त्र तुला जमत नाही, हे त्या एका निकालावरून ठरवू नकोस. ते पुन्हा तपासून बघायला हवं, शांत घरात.

म्हणून कुठलेही अर्ज भरण्याआधी हे कर. शाळेची जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची पुस्तकं मिळव, अगदी खालच्या इयत्तेची सुद्धा चालतील. तीन महिने रोज दीड तास. पेशी, रक्ताभिसरण, चेतापेशीतून संदेश कसा जातो, आम्ल-आम्लारी, मोलची (रसायनात कण मोजायच्या एककाची) गणितं. मोलपाशी बहुतेक जण अडतात, तिथे एखाद्या शिक्षकाची मदत घे. तिसऱ्या महिन्यात भौतिकशास्त्र उघड, आणि दाब आणि प्रवाहापासून सुरुवात कर, कारण हृदय आणि रक्तवाहिन्या त्यावरच चालतात. सगळं आलं पाहिजे असं नाही. मला एवढंच कळायला हवंय की न जमलेलं गणित तुला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतं, की पुस्तक उघडतानाच जीव नकोसा होतो. वैद्यकीय शिक्षणात मनोविकारशास्त्र अगदी थोडं, तेही बरंच उशिरा येतं. त्याआधी शवविच्छेदन आहे, बाळंतपणं आहेत, हाडं, डोळे, रात्रपाळ्या आहेत. केवळ दादाच्या प्रेमाच्या बळावर ती वर्षं निघत नाहीत. शरीराबद्दलचं कुतूहल लागतंच.

आता वाटा. तू कुठे शिकतेस ते लिहिलेलं नाहीस, म्हणून पाच देशांचं सांगते.

भारतात नियम सर्वांत कडक आहे: बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हवं, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. पूर्वी हे विषय बारावीला एकत्रच घेतलेले असावे लागत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते सैल केलं. बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा दिली तरी चालते. नीटला वयाची वरची मर्यादाही नाही. कला शाखेच्या पदवीचा तिथे फायदा नाही, तोटाही नाही. विज्ञानाचे विषय आणि नीटसाठी दोन वर्षं धर, मग साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचं एमडी.

ऑस्ट्रेलियात कुठल्याही विषयाची पदवी घेऊन वैद्यकाला जाता येईल अशी महाविद्यालयं आहेत, जीएएमसॅट नावाच्या परीक्षेतून. तिचे तीन भाग: एक साहित्य आणि समाजशास्त्रांचा, एक लेखनाचा, एक विज्ञानाचा. पहिले दोन तुझे आहेत. तिसऱ्याला मात्र विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र आणि रसायन लागतं. ब्रिटनमध्येही पदवीधरांसाठी चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांतले काही कुठलीही पदवी चालवून घेतात; काही ठिकाणी विज्ञान न घेतलेल्यांसाठी आधी एक वर्षाचा पायाभूत वर्गही असतो. अमेरिकेत तर वैद्यक पदवीनंतरच सुरू होतं आणि पदवी कशातलीही चालते, पण जीवशास्त्र, रसायन, भौतिक यांचे ठरावीक वर्ग प्रयोगशाळेसह केलेले असावे लागतात. ते राहिलेल्यांसाठी एक-दोन वर्षांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं आपल्या वैद्यकीय शाळेत विज्ञानाचे पूर्वविषय सक्तीचे ठेवलेले नाहीत. जागा मोजक्या आणि स्पर्धा जीवघेणी, हे सगळीकडे आहेच.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर एक धोक्याची सूचना. ‘विज्ञान नको, परीक्षा नको, थेट डॉक्टर’ असं सांगणारे दलाल भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. शिकून कुठल्या देशात काम करायचंय ते आधी ठरव आणि त्या देशाचा नियम मूळ कागदावरून वाच. भारतात परतायचं असेल, तर परदेशी वैद्यकीय पदवीसाठी २०२१ पासून किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप अशी अट आहे. पदवीधरांसाठीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम ४८ महिन्यांतच संपतो. हे तिकडे जाऊन चार वर्षं घालवल्यावर कळू नये.

हातातली पदवी मात्र पूर्ण कर. निम्म्या वाटांवर तीच पहिली पायरी आहे आणि उरलेल्यांवर ती आड येत नाही. शिवाय शिकलेलं कुठे जात नाही. ॲरन बेक यांनी ब्राउन विद्यापीठात इंग्रजी आणि राज्यशास्त्र हे मुख्य विषय घेऊन १९४२ मध्ये पदवी घेतली, मग येलला वैद्यक शिकून ते मनोविकारतज्ज्ञ झाले. नैराश्याचे रुग्ण मनातल्या मनात स्वतःशी जी वाक्यं बोलतात ती त्यांनी कान देऊन ऐकली, आणि त्यातून आज जगभर वापरले जाणारे बोधात्मक उपचार (कॉग्निटिव्ह थेरपी) उभे राहिले. वाक्याकडे बारकाईनं बघायची सवय त्यांना इंग्रजीच्या वर्गात लागली असेल, असं मला नेहमी वाटतं. तो माझा तर्क आहे, पण तुझ्यासारखी पत्रं आली की तो पक्का होतो.

वयाचं म्हणशील, तर सगळं सुरळीत झालं तरी मनोविकारतज्ज्ञ व्हायला तुला तिशी ओलांडावी लागेल. पैशांचा आणि घरच्यांच्या धीराचा हिशेब मांड, तो खरा आहे. पण सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका; मरणासन्न रुग्णांसाठी काही करायचं तर डॉक्टर व्हायला हवं म्हणून तेहतिसाव्या वर्षी वैद्यक शिकायला लागल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात त्यांच्यापासून होते.

आणि तीन महिन्यांनी तुला कळलं की रसायनात जीव रमत नाही, तर? तेव्हा स्वतःला हे विचार: त्या दिवशी दादासमोर बसून तुला काय करायला आवडलं असतं? त्याच्याबरोबर आठवड्यामागून आठवडे बसून आवाजांशी कसं वागायचं ते शिकवणं आवडलं असतं, तर ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम आहे, आणि आज भरपूर पुराव्यानिशी चालणारं काम आहे. आई-वडिलांना ‘असं काही नसतं रे’ म्हणण्याऐवजी काय म्हणावं हे सांगणं, दादाला पुन्हा नोकरीवर उभं करणं आवडलं असतं, तर ते मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याचं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे दोघंही मनोविकारतज्ज्ञाबरोबरच मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मोजलेले आहेत. माझ्या विभागात माझ्या निदानाला सगळ्यांत जास्त वेळा दुरुस्त केलं असेल तर ते आमच्या समाजकार्यकर्तीनं, कारण ती रुग्णाच्या घरी जाऊन आलेली असते आणि मी गेलेली नसते. डॉक्टर होता आलं नाही म्हणून ही कामं पत्करू नकोस. रुग्णाला ते लगेच कळतं. तीच करायची असतील तर मनापासून कर. त्यांच्यासाठीही ठरावीक पदव्या आणि नोंदणी लागते, नुसत्या एमएवर भागत नाही. त्याचीही चौकशी आत्ताच करून ठेव.

दादाला विचारून एकदा त्याची जुनी फाइल उघड. त्याची हरकत नसेल तरच. तपासण्यांचा तो कागद काढ आणि एकेका नावापुढे ती कशासाठी असेल ते स्वतः शोधून लिही. जिथे अडशील त्या ओळी मला पाठव, निदान किंवा त्याचं नाव नको, फक्त तपासणीचं नाव आणि तुझा अंदाज. मी उत्तर देईन.